महिनाअखेरच्या गाड्या

ऑक्टोबरची फाइल मंगळवारी सकाळी आली. ओतिलिया क्रिवात्सनं कोट खुंटीला टांगला, चष्मा पुसला आणि एकूण बेरजेकडं ढुंकूनही न बघता तारखांचा रकाना उघडला. सव्वीस वर्षं ती हेच करत आली होती. बेरीज कुणालाही वाचता येते, असं ती म्हणायची. महिना कसा गेला ते तारखा सांगतात.

बुखारेस्टमधल्या मोटार उत्पादक संघात आकड्यांचं काम तिच्याकडं होतं. महिनाभरात देशात ज्या ज्या नव्या गाडीला नंबरप्लेट लागली, तिची नोंद सरकारी कचेरीतून तिच्याकडं यायची. ती कंपनीवार तक्ता करायची आणि तक्त्याखाली एक पानभर टिपण लिहायची. तक्ता सगळी वर्तमानपत्रं छापायची, पण शोरूमवाले, कारखान्यातले लोक, बातमीदार, सगळे वाचायचे ते टिपण. कोण वर चढलं, कोण घसरलं आणि त्यात दम किती, हे ती चार परिच्छेदांत सांगून मोकळी व्हायची. वय अठ्ठावन्न. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ऑफिसातले तिला दोआम्ना, म्हणजे बाई, म्हणायचे आणि थोडे वचकूनच असायचे.

या महिन्याची बेरीज तिनं शेवटी पाहिली आणि भुवई वर गेली. हेल्डमार चार हजार दोनशे बारा. कोद्रा तीन हजार नऊशे अडुसष्ट. सोरानो आणि बाकीचे नेहमीसारखे बरेच मागे.

कोद्रा दुसरी? हे तिच्या उभ्या नोकरीत झालं नव्हतं. कोद्रा म्हणजे घरची गाडी. डोंगराकडच्या वालेनी गावात तिचा कारखाना, आणि त्या कारखान्यात ओतिलियाचा धाकटा भाऊ इलारी एकतीस वर्षं दारं बसवत आलेला. हेल्डमार ही बाहेरची कंपनी. गेली दोन वर्षं तिनं जाहिरातींचा नुसता धुरळा उडवला होता.

मग ओतिलियानं हेल्डमारच्या तारखा एकाखाली एक मांडल्या. एक तारखेपासून एकोणतीसपर्यंत कामाच्या दर दिवशी एकशेवीसच्या आसपास गाड्या. कधी एकशेदहा, कधी एकशेतीस. तीस तारखेला सातशे दोन. एकतीसला एक हजार अठ्ठावीस.

"असं होय," ती स्वतःशीच म्हणाली.

पुढचा रकाना मालकाचा. नाव नसतं त्यात. मालक माणूस आहे की कंपनी, आणि कंपनी असेल तर तिचा धंदा काय, एवढंच असतं. महिनाभरातल्या हेल्डमारच्या पंधराशे चव्वेचाळीस गाड्यांपुढं एकच धंदा लिहिलेला होता: वाहन विक्री. म्हणजे शोरूमवाल्यांनी शोरूममधल्याच गाड्या स्वतःच्या नावावर करून घेतल्या होत्या. गिऱ्हाईक आलंच नव्हतं. ते पंधराशे चव्वेचाळीस वगळले तर हेल्डमारकडं उरत होते दोन हजार सहाशे अडुसष्ट.

दुपारी ती डायरेक्टरच्या खोलीत गेली. ऑक्टाव मोताश हा तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, नीटनेटका माणूस. संघाचं अध्यक्षपद कंपन्यांकडं आळीपाळीनं जायचं आणि यंदा ते हेल्डमारकडं होतं, त्यामुळं तो वर्षभर जरा जपूनच पावलं टाकत होता. त्यानं तिचा कागद वाचला, उलटा केला, मागं काही नाही हे पाहून पुन्हा सुलटा केला.

"दोआम्ना ओतिलिया, यातली एखादी गाडी खोटी आहे का?"

"नाही."

"कागदपत्रं आहेत? नंबर आहेत?"

"सगळं आहे."

"मग झालं तर. आपण नोंदणी मोजतो. कुणी घेतली, कशाला घेतली, हे बघणं आपलं काम नाही."

"टिपण लिहिणं माझं काम आहे ना? नंबरप्लेट लागली म्हणजे गिऱ्हाईक आलं, असं लोक समजतात. ते तसं नाही, एवढंच लिहिणार आहे."

मोताशनं खुर्ची मागं सरकवली. "या महिन्यात टिपण नको. नुसता तक्ता देऊ. पुढच्या मंगळवारी पत्रकार येतील, मी दोन शब्द बोलेन, कॉफी प्यायली की मोकळे."

"सव्वीस वर्षांत टिपणाशिवाय तक्ता गेलेला नाही, साहेब."

"मग या वेळी जाऊ दे की एकदा," तो हसत म्हणाला. ती हसली नाही.

गुरुवारी इलारीचा फोन आला. दुपारची सुट्टी होती. मागं ताटांचा आवाज येत होता.

"ओती, आपण हरलो म्हणतात. खरंय?"

"तक्ता मंगळवारी आहे. तुला कुणी सांगितलं?"

"अगं, गावभर झालंय. हेल्डमारवाल्यांनी पेपरात पेरून ठेवलंय. पण ते मरू दे. काल आमच्या मॅनेजरनं सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाला, जूनमध्ये पाच हजार वीस गाड्या गेल्या, आता चार हजारही नाहीत. एकवीस टक्के घसरण. नाताळानंतर तिसरी पाळी बंद." त्याचा आवाज खाली आला. "तीनशे दहा माणसं आहेत गं तिसऱ्या पाळीला. माझी मेव्हणी आहे, वेताची बहीण, तिचा नवरा आहे. तू काहीतरी लिही ना."

"काहीतरी म्हणजे?"

"हेल्डमारनं लबाडी केली असणार. केलीये ना? तू गप्प बसलीस म्हणजे केलीये. मग घाल त्यांना टाळक्यात!"

"जे आहे ते लिहीन," ओतिलिया म्हणाली आणि फोन ठेवला.

ठेवला खरा, पण तिला चैन पडेना. तिनं हेल्डमारला जी चाळणी लावली होती, ती कोद्राला लावलीच नव्हती. का नव्हती लावली? घरची गाडी म्हणून? या विचारानंच तिचे कान तापले. तिनं जूनची फाइल काढली. जून तिच्या चांगला लक्षात होता. त्या महिन्यात ती दीड आठवडा इस्पितळात होती आणि टिपण मोताशनं लिहिलं होतं: कोद्राचा आजवरचा विक्रम, अभिनंदन वगैरे. वालेनीत मोठा जल्लोष झाला होता. कारखान्याच्या मैदानात शेगड्या पेटल्या, मांसाचे मुटके भाजले गेले, बँड आला. विक्रमी महिन्यातल्या शेवटच्या गाडीशेजारी इलारीचा फोटो काढून त्याला चौकट करून दिली होती. ती चौकट त्याच्या जेवणाच्या खोलीत, देवाच्या तसबिरीशेजारी लागलेली होती.

जूनच्या पाच हजार वीसपैकी चौदाशे ऐंशी गाड्यांच्या मालकापुढं लिहिलं होतं: वाहन विक्री.

ओतिलियानं वजाबाकी केली. तीन हजार पाचशे चाळीस. मग ऑक्टोबर घेतला. कोद्राच्या तीन हजार नऊशे अडुसष्टमध्ये शोरूमवाल्यांच्या चारशे दहा. उरल्या तीन हजार पाचशे अठ्ठावन्न.

तिनं दोन्ही आकडे पुन्हा केले. मग कागदावर हातानं केले. कोद्राची गिऱ्हाइकं जूनमध्ये होती तेवढीच ऑक्टोबरमध्ये होती; उलट अठरा जास्त. जूनमध्ये विक्रम झालाच नव्हता, आणि ऑक्टोबरमध्ये घसरणही झाली नव्हती. जो फुगा जूनमध्ये फुगवला होता, त्याच्यातली हवा गेली एवढंच. आणि आता त्या गेलेल्या हवेपायी तीनशे दहा माणसं घरी बसणार होती.

शनिवारी ती बसनं शहराबाहेर गेली. हमरस्त्यावर स्पिरू नावाच्या माणसाचं हेल्डमारचं शोरूम होतं. स्पिरू जुना ओळखीचा. वर्षानुवर्षं टिपण वाचून फोन करायचा, वाद घालायचा, नाताळला अक्रोडाची पोळी पाठवायचा. कागदावर दिसतं ते जमिनीवर कसं दिसतं, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

स्पिरूनं तिला बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. "आलात? मला वाटलंच होतं."

"मागचं आवार दाखवता?"

आवारात चाळीसेक गाड्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. सगळ्यांना नव्याकोऱ्या नंबरप्लेटा. आतल्या सीटवरचं प्लॅस्टिक तसंच. काचांवर धूळ आणि झाडाची पिवळी पानं. ओतिलियानं एका गाडीचं दार उघडून आत डोकावलं. सात किलोमीटर चाललेली होती.

"सात?" ती म्हणाली.

"ट्रकमधून उतरवून इथपर्यंत आणायला तेवढी लागतात." स्पिरूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "काय करू, सांगा तुम्ही. एकोणतीसला फोन आला. चाळीस नावावर घ्या, नाहीतर वसंतात नवी गाडी येतेय ती तुमच्या शोरूमला मिळणार नाही. सगळ्यांना तेच. पहिल्या नंबरची जाहिरात म्हणे छापून तयार आहे."

"आणि या कुणाला विकणार?"

"जुन्या म्हणून विकू. नाहीतर सरहद्दीपलीकडं पाठवू. बघतो काहीतरी." तो घुटमळला. "दोआम्ना ओतिलिया, माझं नाव तेवढं..."

"मला नावं नकोत. आकडा पुरे."

"तुमचं काय होईल पण?" त्यानं विचारलं.

"तो माझा प्रश्न," ती म्हणाली आणि गाडीचं दार लावलं.

रविवारी ती वालेनीला गेली. इलारीच्या घरी बाल्कनीत कोबीचं पिंप आंबत ठेवलं होतं आणि जिनाभर त्याचा वास होता. वेतानं, तिच्या भावजयीनं, आंबट सूप वाढलं, मग कोबीच्या पानात खिमा गुंडाळून केलेले सारमाले आणि मक्याच्या पिठाची गरम मामालिगा. इलारीनं प्लमच्या दारूचे दोन छोटे पेले भरले.

"तर?" तो म्हणाला. "हेल्डमारची चड्डी उतरवणार ना मंगळवारी?"

"उतरवणार. पंधराशेच्या वर गाड्या दुकानदारांच्याच नावावर आहेत."

इलारीनं टेबलावर थाप मारली. "म्हटलं नव्हतं! वेता, ऐकलंस? चोर साले!"

"ऐकून घे पुढचं. जूनमध्ये कोद्रानंही तेच केलं होतं. चौदाशे ऐंशी."

वेता पळी हातात धरून तशीच उभी राहिली.

"कुणी सांगितलं तुला?" इलारी म्हणाला.

"फाइलनं."

"जूनमध्ये आम्ही दहा-दहा तास राबलोय, ओती. शनिवारी राबलोय. या हातांनी लावलीत मी दारं. गाड्या केल्याच नाहीत म्हणतेस?"

"केल्यात. प्रत्येक गाडी केलीत. विकल्या गेल्या नाहीत, असं म्हणतेय मी. दुकानदारांच्या आवारात उभ्या होत्या, तुझी दारं लावलेल्या."

इलारीनं तोंड फिरवलं. भिंतीवर तो फोटो होता, हसणारा, हातात फुलं. "मग ते लिहायची काय गरज आहे? हेल्डमारचं लिही. आमचं राहू दे. तू आमची आहेस की त्यांची?"

"इलारी, नीट ऐक. तुमचा मॅनेजर म्हणतो एकवीस टक्के घसरण. कशापासून घसरण? जूनपासून. जूनचा आकडा खरा धरलास तर मॅनेजर बरोबर आहे आणि तिसरी पाळी गेली. जून फुगवलेला होता म्हणालास तर घसरण नाहीच. गिऱ्हाइकं तेवढीच आहेत, अठरा जास्त. दोन्ही तुला नाही मिळणार. तो फोटो ठेव, नाहीतर पाळी ठेव."

"जा तू," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला. "संध्याकाळची गाडी चुकेल तुझी."

वेतानं तिला डब्यात सारमाले बांधून दिले आणि स्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "त्याला तो फोटो फार आवडतो गं. आयुष्यात कुणी त्याचा फोटो लावला नव्हता."

"माहीत आहे मला," ओतिलिया म्हणाली. बसमध्ये बसल्यावर तिला रडू आलं, पण आकडे काही बदलणार नव्हते.

सोमवारी तिनं टिपण लिहून मोताशच्या टेबलावर ठेवलं. हेल्डमारचं आणि कोद्राचं, दोन्ही. दहा मिनिटांत तो स्वतः तिच्या खोलीत आला. चेहरा लालबुंद.

"आता कोद्राही? तुम्हाला देशातल्या दोन्ही मोठ्या कंपन्या एकाच दिवशी अंगावर घ्यायच्यात?"

"एकीचं लिहून दुसरीचं झाकलं असतं तर?"

"काहीच लिहू नका, असं सांगितलं होतं मी! दोन्हीकडून मला फोन येतायत. कोद्राचे लोक म्हणतात जून उकरू नका, हेल्डमारवाले म्हणतात ऑक्टोबर उकरू नका. पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालंय, दोआम्ना ओतिलिया, आणि ते तुमच्यामुळं."

"म्हणजे संघाचं काम मी चोख केलं म्हणायचं."

मोताशनं टिपण दुमडून खिशात घातलं. "उद्या फक्त तक्ता. तुम्ही मागं बसाल आणि तोंड उघडणार नाही. उघडलंत तर बुधवारी यायची गरज नाही. निवृत्तीला तुम्हाला दोनच वर्षं राहिलीत. विचार करा."

"तेवढा विचार मी शनिवारीच केला," ती म्हणाली.

मंगळवारी अकरा वाजता सभागृह भरलं. वीसेक बातमीदार, दोन कॅमेरे, पुढच्या रांगेत हेल्डमारचे तिघं गडद सुटात. मोताशनं तक्ता पडद्यावर लावला. ऐतिहासिक महिना, बाजारानं कौल दिला, स्पर्धेमुळं सगळ्यांचंच भलं, असं तो म्हणत गेला. हेल्डमारच्या तिघांपैकी एकानं हात वर करून टाळ्या सुरू केल्या.

टाळ्या थांबल्यावर कोर्विन नावाचा एक म्हातारा बातमीदार उठला. तो पंधरा वर्षं या बैठकीला येत होता. हातातला कागद त्यानं उलटसुलट करून दाखवला. "साहेब, याच्याखालचं टिपण कुठंय?"

"या वेळी टिपण नाही. आकडे बोलके आहेत."

"मग ओतिलियाबाईंनाच विचारतो. त्या बसल्यात की मागं. बाई, हे आकडे तुम्ही कसे वाचता?"

मोताश माइकजवळ वाकला. "दोआम्ना ओतिलियांचा घसा बसलाय."

सगळ्या माना मागं वळल्या. ओतिलिया उठली.

"घसा बरा आहे माझा," ती म्हणाली. "लिहून घ्या."

तिनं कागद पाहिला नाही. हेल्डमारचे एकोणतीस दिवस सांगितले, मग शेवटचे दोन. शोरूमवाल्यांच्या गाड्या सांगितल्या, त्या वगळून उरतं किती ते सांगितलं. पुढच्या रांगेतला टाळ्यावाला उभा राहिला आणि म्हणाला, "हा आमच्यावर हल्ला आहे!"

"बसा," ओतिलिया म्हणाली. "तुमचं झालं. आता कोद्रा."

आणि तिनं जून सांगितला. कोद्राचा प्रतिनिधी कोपऱ्यात इतका वेळ समाधानानं बसला होता. तो उठून दाराकडं चालू लागला. ती त्याच्या पाठीकडं बघून बोलत राहिली: जूनचा विक्रम नव्हता, ऑक्टोबरची घसरणही नाही, घरासाठी, धंद्यासाठी खरोखर गाडी घेणाऱ्यांत कोद्रा अजून पहिली आहे, आणि वालेनीत तिसरी पाळी बंद करायला एकवीस टक्क्यांचं कारण कुणी देत असेल तर ते कारण या फाइलमध्ये सापडत नाही.

"हे संघाचं म्हणणं नाही!" मोताश माइकमधून ओरडला.

"नाही," ती म्हणाली. "माझं आहे. फाइल सरकारी आहे, कुणीही मागवावी आणि मोजावी. मी चुकले असेन तर मला माझ्या नावानं शिव्या द्या."

ती कोट घेऊन बाहेर पडली. बुधवारी नोकरी संपल्याचं पत्र घरी आलं. कारण दिलं होतं: शिस्तभंग. तिनं ते दोनदा वाचलं आणि त्यातली व्याकरणाची एक चूक पेनानं दुरुस्त केली.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. एका पेपरानं तिला कोद्राची हस्तक ठरवलं, दुसऱ्यानं हेल्डमारची. वालेनीतून एक निनावी पत्र आलं, त्यात तिच्या आईबापांचा उद्धार केला होता. इलारीचा फोन नाही. ती बाजारातून मिरच्या आणायची, भाजायची, बरण्या भरायची आणि फोनकडं बघायची.

अकराव्या दिवशी फोन आला तो वेताचा. ती धापा टाकत होती.

"ओती, तू इथं असायला हवं होतंस! कामगारांची सभा होती. मॅनेजर आला, तेच पुराण, जूनपासून एकवीस टक्के. आणि आमचे हे उठले. तुला माहीतंय, चारचौघांत कधी बोलत नाहीत. उठले आणि म्हणाले, जूनचा विक्रम खोटा होता."

"इलारी म्हणाला?"

"अगं, लोक ओरडायला लागले. कुणीतरी म्हणालं, बहिणीचा पोपट! हे तसेच उभे. म्हणाले, माझा फोटो आहे त्या विक्रमाचा, सगळ्यांत जास्त मलाच लागलंय. पण गाड्या आपण केल्या, फुगवला तो आकडा यांनी, आणि आता आपल्यालाच तो दाखवून घरी बसवतायत. साहेब, म्हणाले, शोरूमवाल्यांच्या गाड्या वगळून जून सांगा आणि ऑक्टोबर सांगा. दोन आकडे. आत्ता, सगळ्यांसमोर."

"मग?"

"मॅनेजर कागद चाळत बसला. चाळतच बसला! मग सगळे ओरडायला लागले, दोन आकडे, दोन आकडे!"

डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीनं कळवलं की तिसऱ्या पाळीचा निर्णय उन्हाळ्यापर्यंत पुढं ढकलला आहे. सगळी वाचली नाहीत. कंत्राटावरच्या चाळीस माणसांचं कंत्राट पुन्हा केलं नाही, त्यांत वेताच्या बहिणीचा नवरा होता. हेल्डमारनं पहिल्या नंबरची जाहिरात छापली. कोर्विननं तिच्याच शेजारच्या रकान्यात सात किलोमीटर चाललेल्या गाड्यांची बातमी दिली. संघानं नोव्हेंबरचा तक्ता काढला तोही टिपणाशिवाय.

ओतिलियानं मात्र सरकारी कचेरीत अर्ज करून, दोन खेटे घालून, नोव्हेंबरची फाइल स्वतःच्या नावानं मिळवली. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "बाई, आता तुम्हाला कशाला हवी ही?" ती म्हणाली, "वाचायला."

कामगारांच्या संघटनेनं तिला वालेनीला बोलावलं. पहिली पाळी सुटल्यावर तीनच्या सुमारास लोक जेवणघरात जमले. अंगावर कामाचे कपडे, काहींच्या हातात पावाचे तुकडे. इलारी दारातच उभा होता. तिच्या हातातली पिशवी त्यानं घेतली.

"प्रवास बरा झाला?"

"झाला. बस गच्च होती."

"वेतानं सूप केलंय. नंतर घरी चल." एवढं बोलून तो तिला पुढं घेऊन गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, चांगल्या कडकडून. ओतिलियानं त्या संपू दिल्या. मग चष्मा चढवला आणि नोव्हेंबर वाचला. हेल्डमार कोसळली होती, ते ऐकून हशा झाला. मग कोद्रा. शोरूमवाल्यांच्या गाड्या वगळून तीन हजार दोनशे चार.

हशा विरला. ऑक्टोबरचे तीन हजार पाचशे अठ्ठावन्न सगळ्यांना तोंडपाठ होते; हिशेब कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे कमी झाल्या?" पुढच्या बाकावरची एक बाई म्हणाली. रंगकामाच्या खात्यातली असावी; नखांत निळा रंग होता.

"झाल्या. साडेतीनशेच्या वर. या वेळी खरोखरच्या कमी झाल्यात. तुमची लहान गाडी कमी जातेय, आणि तीही शहरांत; नोंदीत गाव असतं, त्यावरून दिसतं. गावाकडं जात होती तशीच जातेय."

मागून एक आडदांड माणूस उठला. "हे सांगायला बोलावलंय का तुम्हाला? मॅनेजरच्या हातात कोलीत द्यायला?"

"मॅनेजरकडं हा आकडा कधीचाच आहे," ओतिलिया म्हणाली. "तुमच्याकडं नव्हता. आणि गोड आकडा आला की तेवढ्यापुरतं मला बोलवायचं असेल, तर दुसरं कुणीतरी बघा. संघात तशी माणसं आहेत, टाय लावून येतात."

कुणीतरी फिसकन हसलं. तो माणूस उभाच राहिला. "मग आम्ही काय करायचं या आकड्याचं?"

"लहान गाडी शहरात का जात नाही ते त्यांना विचारायचं. उन्हाळ्याची वाट न बघता, आत्ता. त्यांनी वेगळाच आकडा दाखवला तर तो कुठून आणला तेही विचारायचं."

तो माणूस बसला. पटलं म्हणून बसला की दमून, ते कळलं नाही. जेवणघरात बडबड सुरू झाली, वाद सुरू झाले. दोघंजण तर एकमेकांच्या अंगावर बोटं रोखून लहान गाडीच्या दारांबद्दल भांडायला लागले.

भिंतीवर रोजच्या जेवणाचा फळा होता. इलारी उठला, कोपरानं त्यावरची सूप-बटाट्याची यादी पुसली आणि खडू घेऊन आकडा लिहिला. शेवटच्या बाकापर्यंत दिसेल एवढा मोठा. चार अंकी, खाली महिन्याचं नाव. मग तो मागं वळला आणि म्हणाला, "हं, ओती. शहरातलं आणि गावाकडचं वेगळं करून सांग. हळू सांग, मी लिहितो."